अकरा रागांची तबकडी

मालकंसात पंचम नाही. षड्ज, कोमल गंधार, मध्यम, कोमल धैवत आणि कोमल निषाद, एवढ्यावर सगळा राग उभा. ब्लूज वाजवणाऱ्या गिटारवाल्याच्या हातात जी पाच स्वरांची ओळ बसलेली असते, तिच्यातले चार स्वर हेच. पाचवा मात्र वेगळा, कारण कोमल धैवताच्या जागी त्याच्याकडे पंचम असतो. हात नेहमीच्या वळणाने गेला की मालकंसाचा धानी राग झालाच. यातून सुटायला एक चोरवाट आहे. मध्यमालाच षड्ज मानून तीच ओळ तिथून वाजवली, तर निघालेले पाचही स्वर मालकंसाचे असतात. गवई याला मूर्च्छना म्हणतात. पण मग राग आपलं घर सोडून जातो, आणि बेसवाल्याने खाली मूळ षड्ज घट्ट धरून ठेवला नाही तर ऐकणाऱ्याला मालकंस सापडत नाही.

हिज मास्टर्स व्हॉइसच्या 'रागा-जॅझ स्टाइल' या लाँग प्ले तबकडीसाठी १९६८ साली जमलेल्या मंडळींपुढे हा आणि असेच आणखी दहा प्रश्न होते. पाकिटावर नाव शंकर-जयकिशनचं. आत तोडी, भैरव, मालकंस, कलावती, तिलक कामोद, मियाँ मल्हार, बैरागी, जयजयवंती, मिश्र पिलू, शिवरंजनी आणि भैरवी. गायक नाही, गीतकार नाही, नायक-नायिका नाहीत. सतारीवर रईस खान, सॅक्सोफोनवर मनोहारी सिंग, ट्रम्पेटवर जॉन परेरा, पियानोवर लुसिला पाशेको, इलेक्ट्रिक गिटारवर अनिबल कॅस्ट्रो आणि दिलीप नाईक, बेसवर एडी ट्रॅवास, ड्रम्सवर लेस्ली गुदिन्हो, बासरीवर सुमन, तबल्यावर रमाकांत. या नावांकडे एकदा नीट पाहा. निम्मी मंडळी गोव्याच्या वळणाची आहेत, आणि हिंदी सिनेमाची गाणी ऐकत वाढलेल्या प्रत्येकाने त्यांतल्या बहुतेकांना शेकडो वेळा ऐकलेलं आहे, फक्त नावं माहीत नव्हती. त्या काळी गाण्याच्या तबकडीवर वादकाचं नाव छापायची पद्धतच नव्हती.

ही माणसं एका खोलीत कशी जमली, ते कळायला तीस-पस्तीस वर्षं मागे जावं लागतं.

पोर्तुगीज अमदानीत गोव्यातल्या चर्चना जोडलेल्या शाळांमधून मुलांना व्हायोलिन आणि स्वरलिपी शिकवत. 'मेस्त्री' सकाळी वर्ग घ्यायचा आणि रविवारी तीच मुलं चर्चमध्ये वाजवायची. त्यामुळे कागदावरचं संगीत वाचून तत्काळ वाजवणारी पोरं गावागावांत तयार झाली. गावात पोटापाण्याची सोय मात्र नव्हती. जहाजं, पलटणीचे बँड, संस्थानिकांचे बँड, रेल्वे इन्स्टिट्यूट आणि मोठी हॉटेलं इथे ती विखुरली. मुंबईत आलं की धोबी तलावाच्या आसपास आपापल्या गावाच्या 'कुडा'त, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक बिऱ्हाडात, पथारी टाकायची आणि काम शोधायचं.

१९३५ साली लिऑन ॲबी हा कृष्णवर्णी अमेरिकन बँडमास्टर आपला ताफा घेऊन ताजमहाल हॉटेलात वाजवायला आला. पाठोपाठ कॉर्नेटवाला क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफर्ड आले. अमेरिकेत ज्यांना गोऱ्यांच्या हॉटेलात मागच्या दाराने शिरावं लागे, ते इथे अपोलो बंदरावर राजेरजवाड्यांसमोर मानाने वाजवत होते. गोव्याच्या पोरांनी त्यांच्याकडून जॅझ उचललं. काहींनी शेजारी बसून वाजवता वाजवता, काहींनी तबकड्या घासून घासून.    

या पिढीचा म्होरक्या म्हणजे हळदोण्याचा आंतोनियो शाव्हियेर वाझ, उर्फ चिक चॉकलेट. ट्रम्पेट वाजवायचा, गायचा, आणि रुमाल हातात धरून लुई आर्मस्ट्राँगसारखा उभा राहायचा. त्याच पंक्तीतले फ्रँक फर्नांड, ताजमध्ये वर्षानुवर्षं बँड चालवणारा मिकी कोरिया, आणि लाहोरच्या स्टिफल्स हॉटेलात बँड असलेला सेबास्टियन डिसूझा.

मग तीन गोष्टी मागोमाग घडल्या. फाळणीने लाहोर-कराचीची हॉटेलं तोडली. संस्थानं विलीन झाली आणि त्यांचे बँड गेले. १९४९ मध्ये मुंबई इलाख्यात दारूबंदीचा कायदा आला. दारू नाही तर नाच नाही, नाच नाही तर बँड नाही. धोबी तलावाजवळच्या आल्फ्रेड हॉटेलात चहापुढे बसलेल्या या वादकांना कामाला लावलं ते सिनेमाने.

सिनेमालाही त्यांची गरज होतीच. हिंदुस्थानी संगीतात वाढलेला संगीतकार चाल गुणगुणायचा, हार्मोनियमवर दाखवायचा. पन्नास वादकांनी एकाच वेळी काय वाजवायचं ते कागदावर लिहून देणारा माणूस त्याला हवा असे. पुणतांब्याचे सी. रामचंद्र हे याचं ठळक उदाहरण. पुण्याच्या गांधर्व महाविद्यालयात विनायकबुवा पटवर्धनांकडे शिकलेला हा माणूस. 'अलबेला'साठी (१९५१) त्यांनी चिक चॉकलेटला हाताशी धरलं आणि भगवानदादांना नाचायला अशी गाणी दिली, की दादर-परळच्या चाळींतली पोरं जॅझ हा शब्द न ऐकताच जॅझवर नाचायला लागली. त्या सिनेमात चिक आणि त्याचा ताफा पडद्यावरही दिसतो.

सूत असं जमलं तरी मान एकाच बाजूला जायचा. चाल ज्याची, नाव त्याचं. मधले तुकडे, म्हणजे वादकांच्या भाषेत 'पीस', कोणी रचले, व्हायोलिनच्या खालची दुसरी ओळ कोणी लिहिली, हे गाणं ऐकणाऱ्याला कधी कळायचं नाही. यावर कोणी कुरकुर केली नाही असं नाही. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, प्यारेलाल आणि आर. डी. बर्मन यांचे व्हायोलिनचे गुरू, यांनी १९५८ मध्ये स्वतःचा वाद्यवृंद उभारला आणि सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात रागांवर आधारलेल्या आपल्या रचना वाजवून दाखवल्या. पाश्चात्त्य वाद्यवृंद, भारतीय वादक, राग आणि हार्मनी एकत्र. 'रागा-जॅझ'च्या दहा वर्षं आधीची ही गोष्ट. सिनेमातला पैसा त्या प्रयोगामागे उभा राहिला नाही. १९६५ मध्ये गोन्साल्विस अमेरिकेत शिकायला गेले. पुढे प्यारेलालनी 'अमर अकबर अँथनी'मध्ये (१९७७) त्यांचं नाव एका गाण्याच्या मुखड्यात बसवलं. अख्खा देश ते नाव गाऊ लागला, आणि ते खऱ्या माणसाचं आहे हे बहुतेकांच्या गावीही नव्हतं.

शंकर-जयकिशन या व्यवहारातले सर्वांत मोठे गिऱ्हाईक. शंकर रघुवंशी हैदराबादेत वाढलेला, तबल्याचा हात असलेला आणि आखाड्यात घुमलेला. जयकिशन पांचाळ गुजरातेतल्या बांसद्याचा, हार्मोनियमवाला. पृथ्वी थिएटरमध्ये दोघांनी एकत्र काम केलं, राज कपूरच्या 'बरसात'ने (१९४९) नाव झालं. त्यांच्या मांडवात ताल सांभाळायला दत्ताराम वाडकर आणि वाद्यमेळ लिहायला सेबास्टियन डिसूझा. सेबास्टियनने पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीपासून वीसेक वर्षं त्यांचं काम केलं. मुख्य चालीच्या आडून दुसरी धून फिरवायची, हे त्याचं वैशिष्ट्य. राग शंकर-जयकिशनना परका नव्हता. भैरवी तर त्यांच्या पाचवीला पुजलेली, आणि शिवरंजनीतून त्यांनी 'सूरज' (१९६६) आणि 'मेरा नाम जोकर' (१९७०) या चित्रपटांत काय काढलं ते सर्वांना ठाऊक आहे.

आता तबकडीतल्या एका माणसाकडे जरा थांबून पाहू. मनोहारी सिंग नेपाळी वंशाचा, १९३१ मध्ये कलकत्त्यात जन्मलेला. बाटानगरच्या बुटांच्या कारखान्याचा ब्रास बँड होता, त्यात तो वाजवायला लागला. धातूची की-फ्लूट, क्लॅरिनेट, मँडोलिन, आणि नंतर सॅक्सोफोन. एका वाद्यावर हात बसला की दुसरं उचलायचं, कारण बँडमध्ये ज्याला दोन-तीन वाद्यं येतात त्याला आधी बोलावणं येतं. कलकत्त्याच्या हॉटेलांतून आणि ग्रामोफोन कंपनीच्या वाद्यवृंदातून तो १९५८ च्या सुमारास सलील चौधरींच्या सांगण्यावरून मुंबईला आला. 'आरजू'मधल्या (१९६५) लताबाईंच्या विरहगीताआधी जो सॅक्सोफोन हुंदका दिल्यासारखा उठतो, तो मनोहारीचा. मींड घेण्याची त्याची तऱ्हा पाहावी. सॅक्सोफोनला चाव्या असतात, म्हणजे स्वर ठरलेले. पण रीडवरचा ओठांचा दाब कमीजास्त केला तर स्वर थोडा खाली सोडता येतो, वर ओढता येतो. अमेरिकन वादक हे ब्लूजसाठी करतो, मनोहारी लताबाईंच्या गळ्यामागून जाण्यासाठी करायचा. ट्रम्पेटला एवढी मोकळीक नाही, पियानोला मुळीच नाही.

याच्या उलट टोकाला रईस खान. इंदूरचा, विलायत खाँसाहेबांचा भाचा, गायकी अंगाची सतार. एका पडद्यावर तार आडवी ओढून तो चार-पाच स्वर काढायचा. सिनेमात मदनमोहनच्या गाण्यांत त्याची सतार गळ्याशी बोलते. म्हणजे या तबकडीत एकीकडे तार हवी तिथे नेणारा माणूस, दुसरीकडे ठोकून बसवलेल्या सुरांचा पियानो, आणि मधे मनोहारी, ओठांच्या जोरावर दोघांशी जमवून घेणारा.

पियानोपुढची लुसिला पाशेको ही पुरुषांनी भरलेल्या त्या वाद्यवृंदांत बसणाऱ्या अगदी मोजक्या बायकांपैकी. तिच्यापुढचं काम सर्वांत अवघड होतं असं मला वाटतं. आपल्या रागसंगीतात एकामागोमाग बदलणारे स्वरसमूह, म्हणजे कॉर्ड, नाहीतच. एक षड्ज तंबोऱ्यावर लावला की शेवटपर्यंत तोच. जॅझची इमारत मात्र बदलत्या कॉर्डवर उभी.

पण त्या दशकात जॅझलाच कॉर्डचा कंटाळा आला होता. माइल्स डेव्हिसने १९५९ मध्ये एकाच स्वरपट्टीवर बराच वेळ मुक्काम करायची वाट रुळवली. जॉन कोल्ट्रेन १९६१ च्या नोव्हेंबरात न्यू यॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्डमध्ये 'इंडिया' नावाची रचना वाजवत होता, आणि शेजारी बास क्लॅरिनेट घेऊन एरिक डॉल्फी उभा होता. हा डॉल्फी अल्टो सॅक्सोफोन, बासरी आणि बास क्लॅरिनेट ही तिन्ही वाद्यं सारख्याच हुकमतीने वाजवायचा. १९६४ च्या फेब्रुवारीत त्याने 'आउट टू लंच' ध्वनिमुद्रित केली. त्या काळच्या बंडखोर जॅझमधली ही फार नावाजलेली तबकडी. ताल तिरपा, सुरावट उड्या मारणारी, पियानोच काढून टाकलेला आणि त्याच्या जागी व्हायब्राफोनचे मोकळे ठोके. त्याच जूनमध्ये बर्लिनमध्ये मधुमेहाच्या झटक्याने तो गेला, वय ३६. तबकडी बाजारात आलेली त्याने पाहिलीच नाही.

तिकडचा नवमतवादी कॉर्डच्या जाचातून सुटायला धडपडत होता. मुंबईतल्या मंडळींचा प्रवास याच्या उलटा होता. ज्या संगीताला कधी कॉर्ड ठाऊक नव्हती, त्याला ती कशी नेसवायची हे त्यांना बघायचं होतं. दोन्ही वाटा एका स्वरपट्टीवर रेंगाळण्यापाशी येऊन मिळतात, ही मौज आहे. तबकडीतली रागांची निवड या नजरेने पाहा. कलावतीचे स्वर षड्ज, गंधार, पंचम, धैवत, कोमल निषाद. हे पाच स्वर पियानोवर एकदम दाबले तर जॅझवाल्याची लाडकी सेव्हन्थ कॉर्ड वाजते, वर धैवताची फोडणी. शिवरंजनीचे पाच स्वर एकत्र केले की कोमल गंधाराची एक उदास, धुरकट कॉर्ड मिळते, रात्रीच्या क्लबात कुठेही खपेल अशी. बैरागीत कोमल रिषभ आहे आणि गंधार नाही. तिथे कोल्ट्रेनच्या पिढीला आवडणारी लटकती, न सुटणारी कॉर्ड आपोआप तयार होते. हे राग जॅझला न मागता मिळालेलं घबाड होतं. निवडणाऱ्यांनी हा हिशोब मांडून निवड केली असेल असं मी म्हणत नाही. रोज वाद्यमेळासाठी लिहिणाऱ्या-वाजवणाऱ्या माणसांचे कान असले हिशोब बोलून न दाखवता करतात.

अशी खटपट करणारे ते जगात एकटेच होते असंही नाही. १९५८ मध्ये डेव्ह ब्रूबेक मुंबईत आला तेव्हा अब्दुल हलीम जाफर खाँसाहेबांच्या सतारीबरोबर बसला होता. कलकत्त्यात जन्मलेल्या जॉन मेयरने लंडनमध्ये जमैकाच्या जो हॅरियटला घेऊन पाच जॅझवाले आणि पाच भारतीय वाद्यांचे वादक असा दुहेरी ताफा जमवला, त्यांची 'इंडो-जॅझ सुइट' १९६६ मध्ये आली. पण मेयरचं काम मैफलीच्या संगीतकाराचं होतं. मुंबईच्या मंडळींनी हा संसार आधीच वीस वर्षं केला होता, गाण्याच्या दोन कडव्यांच्या मधल्या वीस-वीस सेकंदांत. १९६८ मध्ये त्यांना फक्त गायक उठून गेल्यावर उरलेली जागा मिळाली.

आणि खोट आहे ती नेमकी इथेच. अकरा राग एका तबकडीत, म्हणजे एकेका रागाच्या वाट्याला चार मिनिटंही धड येत नाहीत. रईस खानसारखा माणूस राग उलगडायला बसतो न बसतो तोच ट्रम्पेट आणि गिटारी येऊन उभ्या राहतात. फुंकवाद्यांचे तुकडे चोख आहेत, पण कागदावरून आल्यासारखे. 'पीस' वाजवायची वीस वर्षांची सवय चार दिवसांत सुटत नाही. डॉल्फीसारखा एखादा वादक पडून, धडपडून, वेडावाकडा स्वर काढून मग जागेवर येतो, तसा धोका इथे क्वचितच कोणी घेतं. तबला आणि ड्रम्स यांचं मात्र झकास जमतं. गुदिन्हो आणि रमाकांत एकमेकांच्या जागा अडवत नाहीत. सिनेमाच्या ध्वनिमुद्रणात एका माइकपुढे दहा जणांनी वाजवायचं तर दुसऱ्याला वाट द्यावीच लागते, ते इथे कामी आलं असावं.

त्यानंतरचं भराभर सांगता येईल. मुंबईत जन्मलेला गोवेकर गिटारवादक अमान्सियो डिसिल्वा लंडनला गेला आणि त्याच जो हॅरियटबरोबर १९६९ मध्ये त्याने 'हम दोनो' काढली. पुढे ध्वनिमुद्रित केलेल्या त्याच्या एका तबकडीचं नाव 'कोकण डान्स' आहे, ती मात्र त्याच्या मृत्यूनंतर, २००६ मध्ये बाजारात आली. नेवऱ्याचा ब्राझ गोन्साल्विस हा सॅक्सोफोनवादक, म्हणजे चिक चॉकलेटचा जावई, १९७० मध्ये 'रागा रॉक' घेऊन आला. १९७८ मध्ये निरंजन झवेरींच्या पुढाकाराने धोबी तलावाच्या रंगभवनात 'जॅझ यात्रा' भरली, सनी रोलिन्ससारखा बादशहा उघड्या आभाळाखाली वाजवून गेला. चिक १९६७ मध्येच वारला होता. जयकिशन १९७१ च्या सप्टेंबरात गेला आणि जोडी नावापुरती उरली. सेबास्टियन गोव्याला परतला. रईस खान १९८६ मध्ये पाकिस्तानात स्थायिक झाला.

मनोहारी सिंग आर. डी. बर्मनचा उजवा हात झाला. अरेंजर म्हणून त्याचं नाव श्रेयनामावलीत दिसू लागलं, बासू चक्रवर्तीबरोबर 'बासू-मनोहारी' या नावाने त्याने काही चित्रपटांना संगीतही दिलं. सिंथेसायझर आला, एका माणसाच्या दहा बोटांत चाळीस व्हायोलिनं मावली, आणि १९८० नंतर कागद वाचून वाजवणाऱ्या गोव्याच्या वादकांची बोलावणी कमी कमी होत गेली. मनोहारी २०१० मध्ये जाईपर्यंत वाजवत राहिला.

ही तबकडी आता ऐकायला मिळते. पण पाकिटावरच्या क्रमाने जाऊ नये, पहिलीच तोडी आहे आणि तिथेच बिचकायला होतं. आधी कलावती लावावा, मग शिवरंजनी, मग बैरागी. तोडी सर्वांत शेवटी. तोडीतला गंधार नुसता कोमल नसतो, कोमलाहूनही किंचित उतरलेला असतो, आणि तो स्वर पियानोच्या कुठल्याही पट्टीत नाही. त्या जागेवर कान ठेवावा. सतार आणि पियानो तिथे एकाच वेळी पोचले, तर कोण कोणासाठी सरकतं ते लगेच कळतं.